गाडी केलीच आहे तर

माणसांच्या तोंडून निघणाऱ्या वाक्यांपैकी मला सगळ्यात जास्त राग कुठल्या वाक्याचा येत असेल, तर तो 'गाडी केलीच आहे तर' या वाक्याचा. हे वाक्य एकटं कधी येत नाही. त्याच्या मागोमाग एक काकू येते, वाटेतला एखादा देव येतो, कुणाचे तरी सासरे येतात आणि दशम्यांचा डबा येतो. ज्याच्या गरजेसाठी गाडी केली, तो माणूस मग मागच्या फाळक्याजवळ पाय दुमडून बसतो. हे सगळं प्रेमानं होतं, म्हणून भांडताही येत नाही. मी तर म्हणते, वैऱ्यानं केलेलं परवडलं.

लातूर जिल्हा तेव्हा नुकता वेगळा झाला होता. मी जिल्ह्याच्या एका नव्या कचेरीत कारकून म्हणून लागले होते. कचेरी म्हणजे भाड्याच्या तीन खोल्या. टेबलं उस्मानाबादहून आली होती, खुर्च्यांचा पत्ता नव्हता. जिल्हा नवा आणि पाऊस मात्र रुसलेला, असा तो काळ. गल्लीत टँकर आला की बायका हातातलं पोर खाली ठेवून घागरी घेऊन धावायच्या. गावातल्या होत्या नव्हत्या त्या जीपा दुष्काळाच्या कामाला लागल्या होत्या. रोज कुणी ना कुणी साहेब कोरडी विहीर बघायला जायचा आणि ती कोरडीच आहे असं लिहून परत यायचा.

एका सकाळी मी पेपर मोठ्यानं वाचत होते. आमची आई समोर तूर निवडत बसली होती. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, उदगीरकडच्या आमच्या लिंगायत घरांत तसंच म्हणतात. पेपरात बातमी होती, जळकोटच्या बाजूचा एक तलाव आटला आहे, त्यात बुडालेलं जुनं गाव वर आलं आहे आणि ते बघायला लोकांची झुंबड उडते आहे. अव्वाचा हात सुपात तसाच थांबला.

"मठाचा चौथरा दिसायला का? लिहिलंय का त्यात?" तिनं विचारलं.

ते गाव तिचं माहेर. तलाव झाला तेव्हा माणसं उठून वरच्या माळावर गेली, घरं आणि देव खाली राहिले. पण तिनं माहेराचं घर विचारलं नाही, मठ विचारला. दुपारी घरात कुणी नसताना तिनं मला कारण सांगितलं. दादाच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. बारसं व्हायच्या आत तो गेला. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. मठाच्या मागं, चिंचेच्या अंगाला त्याला ठेवलं आणि वर नदीतला एक काळा गोल दगड.

"गळ्यात लिंग बांधलं व्हतं त्याच्या," अव्वा म्हणाली. "नाव ठेवलं नव्हतं."

पुढं दादा झाला, तेव्हा अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पेढे वाटताना सांगितलं, हा आमचा पहिला. तेव्हापासून घरात तो विषय नाही. थोरला म्हणून दादाचे सगळे मान झाले, थोरला म्हणून डाळमिलची गादी त्याच्याकडं आली. अव्वानं मला बजावलं, "त्याला सांगू नको. आता ह्या वयात त्याचं थोरलेपण कशाला काढून घ्यायचं?"

तिची इच्छा एवढीच होती की पाणी परत चढायच्या आत एकदा त्या दगडाजवळ जायचं, विभूती लावायची, बेल ठेवायचा आणि पोराला दूध दाखवायचं. एसटी डांबरी सडकेवर सोडते. तिथून आत तलावाच्या पोटात पायी जाणं तिच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. गाडीच करायला हवी होती, थेट चौथऱ्यापर्यंत जाणारी.

मी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन चौकशी केली. एक जीपवाला मिळाला. दाढीला मेंदी लावलेला, तोंडात पान, बोलणं आपल्याकडचं दखनी.

"कितने सवाऱ्या?"

"दोघी. मी आणि आई."

"पूरी जीप में दो?" त्यानं पानाची पिंक टाकली आणि मला नीट बघून घेतलं. "अच्छा है. सुबे सुबे निकलेंगे, धूप के पैले पहुँचेंगे."

मला त्या वेळी इतका आनंद झाला होता की मी घरी जाऊन बोलून गेले. खरं तर बोलायचं नव्हतं. पण आपल्या घरात तोंड शिवून ठेवलं तरी स्वयंपाकघराला कळतंच, कुणीतरी भाकरी जास्त थापायला सांगतं आणि फुटतं. मी वहिनीला म्हणाले, "रविवारी अव्वाला तिचं माहेर दाखवून आणते." रात्री जेवताना दादानं ताटावरून मान वर केली.

"जीप केलीस म्हणं?"

"हो."

"मग गाडी केलीच हाय तर दोघींनी मोकळी कशाला न्यायची?"

झालं! वाहत्या गंगेत हात धुवायला सगळं गोत जमलं. वहिनीला तिचं माहेर आठवलं, नळेगाव वाटेवरच. काकूला हत्तीबेटाचा नवस आठवला. शेजारच्या मास्तरांना उदगीरचा किल्ला आठवला, कारण ते इतिहास शिकवायचे आणि किल्ला त्यांनी फक्त पुस्तकातच पाहिला होता. दादानं सगळ्यांची मोट बांधली. "आपला जिल्हा आपणच न्हाई बघायचा तर कुणी बघायचा?" असं म्हणून त्यानं बुडालेलं गाव सगळ्यात शेवटी घातलं. "संध्याकाळी उन्हं उतरल्यावर झाक दिसतंय म्हणतेत." मी अव्वाकडं पाहिलं. ती पानात भात कालवत होती. तिनं मान हलवून मला गप्प केलं.

रविवारी जीप दारात आली तेव्हा मी आणि अव्वा तयार होतो, आणि आमच्या आधी बाकीचे तयार होते. दादा पुढं ड्रायव्हरशेजारी, त्याच्याशेजारी मास्तर. मागं काकू, वहिनी, तिची दोन पोरं, मास्तरीणबाई आणि उरलेल्या फटीत आम्ही दोघी. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. अव्वाच्या मांडीवर झाकणाचा छोटा डबा होता, त्यात दूध. बेल तिनं पदराच्या गाठीला बांधला होता.

"सिद्धेश्वराला हात जोडून निघू," काकू म्हणाली. लातूरच्या लातुरात पहिला मुक्काम. सिद्धेश्वर आम्हाला दर सोमवारी भेटतो. त्याला त्या दिवशी न भेटता गेलो असतो तर त्यानं काही मनाला लावून घेतलं नसतं.

नळेगावला वहिनीच्या माहेरी 'नुसता चहा' म्हणून उतरलो. नुसता चहा आपल्याकडं आजवर कुणी पाजलेला नाही. विहिणीनं पाहुण्यांसाठी कुठून कुठून पाणी आणून ठेवलं होतं, चुरमुऱ्यांचा सुशीला फोडणीला टाकला होता, वर लेकीसुनांच्या ओट्या. दुष्काळात कुणी घागर रिकामी करून पुढ्यात तांब्या ठेवला तर 'उशीर होतोय' म्हणून उठायचं कसं? मी ओसरीवर बसून ऊन अंगणातून सरकताना बघत होते. अव्वा डबा सावलीत ठेवायला जागा शोधत होती.

हत्तीबेटाच्या डोंगराला पोहोचलो तेव्हा दगड तापले होते. मंडळी वर चढली. अव्वा, मी आणि वहिनीचा धाकटा खाली झाडाखाली थांबलो, कारण धाकट्यानं भोकाड पसरलं होतं. काकू दोन पायऱ्या चढून परत आली.

"अगं, भूक लागली त्याला. त्या डब्यात दूध हाय न्हवं? मघापासून मांडीवर घेऊन बसलीस. गरमीत नासून जाईल, दे त्याला."

मी म्हणाले, "ते नाही द्यायचं."

"का? देवाचं हाय का?" काकू म्हणाली. "पोर म्हंजी देवच की."

मी काही बोलणार तेवढ्यात अव्वानं झाकण काढलं. नातवाच्या तोंडाला डबा लावला. पोरानं दोन्ही हातांनी धरून घटाघट सगळं पिऊन टाकलं, ओठावर पांढरी मिशी काढली आणि हसलं. अव्वा पदरानं त्याचं तोंड पुसत राहिली, जरा जास्तच वेळ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. काकू मात्र नातवाचं पोट भरल्याच्या समाधानात परत चढायला लागली. तिची चूक काय, असं कुणी विचारेल. तिला ठाऊक नव्हतं, एवढीच. पण ठाऊक नसणाऱ्या माणसांनी किती हात घालावा, याला काही हद्द?

उदगीरला किल्ल्यात मास्तरांनी प्रत्येक बुरुजापाशी थांबून तोफा डागल्या. दादा हातांची घडी घालून मान डोलवत होता. नवा जिल्हा झाल्यापासून त्याची छाती अशीच फुगलेली असायची, जसा काही किल्ला त्यानंच बांधून जिल्ह्याला दिला होता. जेवणं तिथंच झाली, दशम्या आणि शेंगादाण्याची चटणी. मग बायकांना वाटलं, आता उदगीरला आलोच आहोत तर बाजारात लुगडी बघू. आलोच आहोत तर! त्या दुसऱ्या वाक्याचा जन्मही पहिल्याच घरात झालेला.

तेव्हा मी भडकले. दादावर भडकायची सोय नव्हती. का भडकले ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी गेले ते जीपच्या सावलीत बसलेल्या ड्रायव्हरवर.

"जीप कुणी केली? मी की त्यांनी?"

"तुम्हीच केली, बाई."

"मग मी गाडी ठरवताना काय सांगितलं होतं? थेट तलावावर! तुम्ही हे जिथं म्हणतील तिथं थांबता."

तो उठून उभा राहिला. त्याला राग आला नाही, उलट जरा वाईट वाटलं असावं. "बाई, आगे जो बैठता, मैं उसकी सुनता. गाडी का कायदाच वो है. पीछेवाले की आवाज मेरे तक आतीच नै. तुम आगे बैठे रैते, तो मैं कब का पहुँचाता."

आमच्या घरात बाईनं परक्या ड्रायव्हरशेजारी बसायचं नाही, अशी रीत. ती कुणी केली मला माहीत नाही, पण तिच्यामुळं किती बायका जन्मभर मागं बसून दुसऱ्यांच्या देवांना गेल्या असतील. अव्वा तर एवढ्या वर्षांत कुठल्याच गाडीत पुढं बसली नव्हती. मी लुगड्यांच्या दुकानात जाऊन सगळ्यांना अक्षरशः उठवून आणलं. काकू म्हणाली, "नोकरी लागल्यापासून हिला लई ताव आलाय."

जळकोटच्या रस्त्याला लागलो तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. रस्ता कसला, खड्ड्यांच्या मधूनमधून थोडी सडक. एका जागी ड्रायव्हरनं जीप खाली घातली आणि आम्ही तलावाच्या तळातून जाऊ लागलो. चहूकडं भेगाळलेली जमीन. मधोमध मठाचा चौथरा, पडक्या भिंतींच्या रांगा, एक बिनछपराचं देऊळ. उदगीरकडून आलेली माणसं चौथऱ्यावर बसून भेळ खात होती. एकानं रेडिओ आणला होता.

जीप थांबताच अव्वा खाली उतरली आणि तिनं चपला काढून जीपच्या पायरीखाली ठेवल्या.

"अव्वा, काटे असतेल," वहिनी म्हणाली.

"गाव हाय माझं," अव्वा म्हणाली. तापलेल्या मातीत ती अनवाणी चालायला लागली. सबंध दिवस गुडघे धरून बसलेली ही बाई, माझ्या हाताचा आधारही न घेता भराभर निघाली. बाकीचे देवळाकडं वळले. आम्ही दोघी चौथऱ्याला वळसा घालून मागं गेलो. चिंचेचं काळं खोड होतं. ती खोडापाशी थांबली, मठाकडं पाठ केली आणि जमिनीकडं बघत राहिली.

दगड नव्हता. एकही दगड नव्हता. नुसते ओलसर खळगे होते, दगड उपटल्यावर राहतात तसे, आणि खळग्यांतली माती अजून काळी होती. पलीकडं बांधाला लागून खडीचे ढीग घातले होते. दुष्काळी कामावरच्या बायका हातोडे, पाट्या गोळा करून घरी निघायच्या बेतात होत्या.

मी धावत गेले. एका बाईला विचारलं, "इथले दगड कुठं गेले?"

"हे काय." तिनं ढिगांकडं हात केला. "आठ दिस झाले फोडायलोत. तिकडून सुरू केलतं. हितलं आज उचललं."

"आज? कधी?"

"जेवणं झाल्यावर." मग तिनं माझं तोंड बघितलं आणि तिचा आवाज खाली आला. "का वं बाई? तुमचं काई व्हतं का हितं?"

जेवणं झाल्यावर. आमचीही जेवणं तेव्हाच झाली होती, किल्ल्यात, बुरुजाच्या सावलीला. त्या बाईवर मी कशाला रागवू? तिचे हात फुटले होते, बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. तिला वाटेवर पडलेला दगड म्हणजे दगडच. आम्ही सकाळी सरळ आलो असतो, तर अव्वा त्या दगडाजवळ बसलेली असती आणि हीच बाई दुसरीकडचे दगड बघायला गेली असती. एवढं साधं होतं ते.

अव्वा हळूहळू ढिगांपाशी आली. सगळे ढीग सारखे, सगळी खडी सारखी, काळी. तिनं पदराची गाठ सोडली. बेल वाळून चुरगळला होता. कुठल्या ढिगावर ठेवायचा, ते तिला कळेना. ती एकापासून दुसऱ्याकडं गेली, परत आली. शेवटी जवळच्या ढिगासमोर वाकून तिनं हात पुढं केला, तोच मुकादम ओरडला.

"ओ आजी! ढिगाला हात लावू नका! मापं झालीत त्याची. उद्या गाडी येणार, जळकोटच्या रस्त्याला जायचंय ते."

अव्वानं हात मागं घेतला. पोरीसारखी घाबरून मागं घेतला. मी मुकादमाला काय बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो तोंड फिरवून उभा राहिला. तेवढ्यात अव्वानं वाकून बेल ठेवला आणि चिमूटभर विभूती त्यावर टाकली. वाऱ्यानं त्यातली निम्मी उडून गेली.

मागून दादाची हाक आली. "अव्वा, झालं का माहेर बघून? चला, अंधार व्हईल!" तो हसत येत होता, हातात भेळेचा पुडा. "काय झाक दिसायलंय न्हाई? म्हणलं नव्हतं, संध्याकाळचंच यावं?"

मी त्याच्याकडं वळले. सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, पेढ्यांपासून दुधापर्यंत सगळं. अव्वानं माझं मनगट धरलं. त्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"लई चांगलं दिसलं रे," ती दादाला म्हणाली. "चल."

परतताना काकू म्हणाली, "माहेर बघितलंस, सुटलीस बाई." अव्वानं हूं केलं. दुसऱ्या दिवशी दादानं डाळमिलमध्ये येईल त्याला सांगितलं, एका दिवसात पाच ठिकाणं केली, गाडी पुरेपूर वसूल. मी महिनाभर त्याच्याशी धड बोलले नाही. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, पोरगी लग्नाची झालीय, चिडचिडणारच.

मग पाऊस झाला, तलाव भरला, पेपरात त्याचीही बातमी आली. माझं लग्न होऊन मी नांदेडला आले. लातूरहून नांदेडला यायला अहमदपूरवरून सरळ गाड्या आहेत. अव्वा मात्र माझ्याकडं यायची ती उदगीर, जळकोट करत, लांबच्या रस्त्यानं, दोन ठिकाणी एसटी बदलून. सगळे तिला हसायचे. दादा म्हणायचा, म्हातारीला आडवाटेची हौस. माझ्या घरी येऊन तो रस्त्याचं कौतुकही करायचा. "जळकोटचा रस्ता काय झालाय, पोटातलं पाणी हलत न्हाई."

एकदा दादानं स्वतःसाठी गाडी केली, नांदेडला एका लग्नाला. अव्वाला पुढं बसवलं, कारण आता तिचे पाय मागं दुमडत नव्हते. मी माहेरपणाला गेले होते, मीही सोबत निघाले. अव्वानं ड्रायव्हरला सांगितलं, जळकोटवरून घे. पुढं बसलेल्याचं ऐकायचं असतं, त्यानं घेतली. तलावाचं वळण यायच्या आधी अव्वा वाकली आणि पायांतल्या चपला काढून तिनं सीटखाली सारल्या. नव्या सडकेवरून गाडी जात होती तोवर ती तशीच बसली होती, पाय जरा उचलून धरल्यासारखे. पलीकडचा फाटा गेल्यावर तिनं चपला परत चढवल्या.

मागच्या सीटवरून दादानं ते बघितलं.

"अव्वा, पाय दुखायलेत का?"

"न्हाई रे, थोरल्या," अव्वा म्हणाली. "जरा गरम झालते."